गर्जे मॅडमच्या वेगळ्या चुली

गर्जे मॅडमचा मोबाईल मी कधी त्यांच्या पर्समध्ये पाहिला नाही. तो कायम डाव्या हातात. डबा खाताना डब्याशेजारी, तास घेताना टेबलावर, स्कूटीवर असल्या की पुढच्या कप्प्यात, वरून रुमाल टाकलेला. शेवगावच्या आमच्या कॉलेजात ही सवय दोघांनाच होती. एक प्राचार्य, कारण त्यांना संस्थेच्या चेअरमनचा फोन कधीही यायचा. दुसऱ्या म्हणजे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या गर्जे मॅडम, कारण त्यांना कुणाचाही फोन कधीही यायचा. तो वाजला की त्या आधी डोळे मिटायच्या, एक लांब श्वास सोडायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, बोल. काय सापडंना?"

पलीकडचं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं. मॅडम, मॉड्यूल सापडत नाही.

ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मी गणिताचा मास्तर असूनही मला ते निवृत्ती जवळ आल्यावर कळलं. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. आलेख काढणं, मोठाले तक्ते वाचणं असली कामं दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. त्या तयार गठ्ठ्याला मॉड्यूल म्हणतात. इंटरनेटवरून ते एकदा उतरवून घ्यायचं आणि आपल्या प्रोग्रामात नाव घेऊन हाक मारायची. हाकेला कुणी आलं नाही की पडद्यावर तांबडी ओळ उमटते, या नावाचं मॉड्यूल नाही म्हणून. या एका ओळीनं आमच्या कॉलेजातली कितीतरी पोरं रडवली आणि गर्जे मॅडमना म्हातारं केलं.

माझी त्यांच्याशी नीट ओळखही त्याच ओळीनं झाली. कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि निकालांचे आलेख काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. भाच्यानं फोनवर सांगितलं तसं मी पायथन नावाची प्रोग्राम लिहायची भाषा कॉम्प्युटरवर टाकली, मॉड्यूल उतरवलं. प्रोग्राम म्हणे, मॉड्यूल नाही. पुन्हा उतरवायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणे, ते तर आधीपासून आहे. परत प्रोग्राम लावला, तर नाही. एकच यंत्र एका तोंडानं आहे म्हणतं आणि दुसऱ्या तोंडानं नाही म्हणतं, यावर माझं टाळकं फिरलं. तेवढ्यात मॅडम पाण्याची बाटली भरायला स्टाफरूममध्ये आल्या. मी तक्रार केली. त्या जवळ आल्या नाहीत, दारातूनच म्हणाल्या, "सर, कुठल्या घरात हाय तुमी?"

मला राग आला. मी म्हटलं, "मॅडम, मी स्टाफरूममध्ये आहे."

"तुमी हाय हो. तुमचा प्रोग्राम कुठल्या घरात हाय?" मग त्या आल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी दाखवलं. माझ्या कॉम्प्युटरवर पायथन दोन होते. एक कुणीतरी पूर्वी टाकलेला, एक मी टाकलेला. मॉड्यूल पहिल्यात जाऊन बसलं होतं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालत होता. "किराणा एका घरात टाकला आणि जेवायला दुसऱ्या घरात बसला तुमी," त्या म्हणाल्या. "भाकरी कशी येणार ताटात?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. हेच वाक्य दिवसभरात कितव्यांदा बोलतोय याचा हिशोब त्यांनी कधीच सोडून दिला असावा.

त्या दिसायला ठेंगण्या, काटक. केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. लॅबच्या दाराशी चपला काढायच्या तर बोटं बाहेरच्या दिशेला करून काढायच्या, निघताना वळावं लागू नये म्हणून. खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. टाइपसुद्धा वाकून, उभ्यानं करायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "बसलं की उठवत न्हाई, सर." तास घेताना भाषा पुस्तकातली, शुद्ध. पण थकल्या की शब्द पाथर्डीकडे वळायचे. दुपारनंतर त्या "आहे" म्हणाल्या तर समजायचं की आज दिवस सोपा गेलाय. असे दिवस क्वचितच यायचे.

नवऱ्याची नोकरी चाकणला, मुलगी तिकडेच शाळेत, सासूबाईंजवळ. मॅडम इथे नगर रोडला एका खोलीत. शनिवारी दुपारची गाडी धरायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं डोळे चोळत परत यायच्या. दर उन्हाळ्यात त्या सांगायच्या, "पुढल्या साली मी न्हाई." पहिल्या वर्षी आम्ही निरोपाच्या साडीची वर्गणीसुद्धा काढली होती. जूनमध्ये त्या पुन्हा लॅबच्या दारात, चपला बाहेरच्या दिशेला. त्यानंतर त्यांचं "पुढल्या साली" आम्ही ऐकून सोडून द्यायला लागलो. पण त्या थट्टेनं म्हणत नव्हत्या. त्यांना खरोखर जायचं होतं. मुलगी हातातून निसटत चालली होती, फोनवर "आई" म्हणण्याआधी आजीला हाक मारायची. त्यांना फक्त एक गोष्ट करून जायचं होतं. आपल्यामागे ती लॅब आपल्या पायावर उभी राहावी. प्राचार्य त्यांना म्हणायचे, "मॅडम, तुमच्याशिवाय लॅबचं पान हलत नाही." त्यांच्या मते हे कौतुक होतं. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "सर, मला जन्मठेप झाली का हो?"

एकदा त्यांच्या चुलत बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही कॉलेजातले चौघं गेलो होतो. पाथर्डी रोडचं कार्यालय, उन्हाळी मुहूर्त, घामानं सगळे बेजार. मॅडम नवरीची मावशी म्हणून पुढच्या रांगेत, नऊवारी नेसलेल्या, हातात अक्षता. पहिलं मंगलाष्टक चालू झालं आणि त्यांच्या डाव्या हातात फोन थरथरला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मग फोन कानाला गेला. भटजींचा आवाज माईकवर आणि मॅडमचा त्याच्या खालून. "काळी खिडकी उघड... हं... डाव्या कोपऱ्यात कंसात नाव दिसतंय का? न्हाई ना? मग तू घराबाहेर उभी हायेस बाई. आधी आत जा." वर "शुभमंगल सावधान" झालं, सगळ्यांच्या अक्षता उडाल्या, मॅडमनी उजव्या हातानं अक्षता टाकल्या आणि डावीकडे म्हणाल्या, "आता रन कर." कुणीतरी मुद्दाम मूठभर अक्षता त्यांच्या फोनवर टाकल्या. सगळे हसले. नवरीच्या आईचा चेहरा मात्र उतरला होता. जेवणाच्या पंगतीत मॅडम माझ्या शेजारी बसल्या आणि जिलेबीला हात न लावता म्हणाल्या, "भाचीच्या डोक्यावर पडलेली पहिली अक्षता बी बघितली न्हाई मी."

आता त्या कंसातल्या नावाचं आणि घराचं सांगायला हवं, कारण गर्जे मॅडम म्हटलं की कॉलेजातला शिपाईसुद्धा "वेगळी चूल" म्हणायचा.

पूर्वी लॅबमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरवर एकच पायथन, सगळ्यांचा मिळून. ज्याला जे मॉड्यूल लागेल ते त्यानं त्यात टाकायचं. सकाळच्या बॅचनं टाकलेलं दुपारच्या बॅचनं वापरायचं. ऐकायला छान. एका वर्षी प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी एका पोरानं आपल्या कामासाठी एका मॉड्यूलची नवी आवृत्ती टाकली. त्याचं चाललं. पण त्या नव्या आवृत्तीत जुन्यातले काही भाग काढून टाकलेले होते, आणि त्याच कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बाकीच्यांचे प्रोजेक्ट त्या भागांवर उभे होते. दुसऱ्या पोरानं येऊन जुनी आवृत्ती परत टाकली, तर पहिल्याचं बंद पडलं. दोघं कॉलर धरून लॅबच्या बाहेर व्हरांड्यात. एकीकडे मुली रडतायत, एकीकडे पोरं एकमेकांच्या आयांचा उद्धार करतायत. मी मध्ये पडलो तर मलाच कोपर लागलं. मॅडम आल्या, कुणावर ओरडल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत एकेक कॉम्प्युटर वाकून नीट करत राहिल्या. जाताना दाराशी चपलेत पाय घालत म्हणाल्या, "उद्यापासनं सगळ्यांची वेगळी चूल."

आणि खरंच मांडल्या त्यांनी चुली. त्याला त्यांच्या शास्त्रात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. प्रत्येक प्रोजेक्टसाठी त्याच्याच फोल्डरमध्ये एक स्वतंत्र पायथन, त्याची स्वतंत्र मॉड्यूलं. काम सुरू करण्याआधी त्या घरात शिरायचं, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत कंसात घराचं नाव दिसतं. मग तुम्ही आत काहीही टाका, मोडा, जाळा, शेजारच्याच्या भाजीला झळ लागत नाही. पोरांना हे सांगताना त्यांनी पुस्तकातला एक शब्द वापरला नाही. "सासू-सुनेचं एका चुलीवर जमतं का? न्हाई ना? मग तुमचं आन त्याचं कसं जमंल?" एवढंच.

प्राचार्यांना ते पटेना. त्यांनी मॅडमना बोलावलं, मीही त्याच वेळी एका सहीसाठी तिथे होतो. ते म्हणाले, "मॅडम, एका लॅबमध्ये एवढे पायथन कशाला? जागा किती खातायत. सगळ्यांनी मिळून एक वापरावा, त्यात एकोपा आहे."

मॅडम उभ्याच होत्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही भाऊ किती?"

"चौघं."

"एकत्र आहात?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहीच्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्या घरातल्या वाटण्यांची कथा अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. "ते वेगळं," प्राचार्य म्हणाले.

"वेगळं झाल्यावर भावांत बोलणं तरी सुरू झालं ना, साहेब?" मॅडमनी हे इतक्या दमलेल्या आवाजात विचारलं की प्राचार्यांना रागही धड आणता आला नाही. चुली राहिल्या.

पण माणसाची जात अशी की एका खड्ड्यातून काढली तर दुसरा शोधते. चुली मांडून झाल्यावर पोरांनी नवीन चूक काढली, आणि ती चूक आमच्याच भागातली पोरं करू शकतात असं मला वाटतं. आमच्या पोरांना सामान बांधून न्यायची सवय. गावाकडे नेट नसतं, म्हणून लॅबमध्ये केलेलं घर, म्हणजे ते अख्खं फोल्डर, पेनड्राइव्हवर उचलायचं आणि घरच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर टाकायचं. तिथं ते चालायचं नाही. कारण त्या घरात त्याचा जुना पत्ता लिहून ठेवलेला असतो. नव्या जागी कंसात नाव दिसतं, पाटी लागते, पण पाटीमागे घरच नसतं. पुन्हा तीच तांबडी ओळ, पुन्हा मॅडमना फोन. सुट्टीचे दिवस तर विचारू नका.

एका सोमवारी, पहाटेच्या गाडीनं आलेल्या, डोळ्यांखाली काळं, त्या वर्गावर गेल्या. मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत म्हणजे नुसती फळी. त्यांचा आवाज आला. "इथं ऊसतोडीला कुणाकुणाचे आईबाप गेलेत? हात वर करा." आमच्या कॉलेजात हे असं उघड कुणी विचारत नाही. मग म्हणाल्या, "मीच आधी करते. माझे आईबाप सगळं आयुष्य गेले. मी बी गेल्ते, चौथीपर्यंत." मग हात वर गेल्याचे, बाकांवर कापड सरकल्याचे आवाज आले, बरेच.

"आता सांगा. दसरा-दिवाळीला ट्रॅक्टर गावात येतो तेव्हा आपण त्यात कोपी घालून नेतो का?"

पोरं हसली. कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची न् चटईची झोपडी. ती कारखान्यावर गेल्यावर तिथल्या तिथे घालायची आणि हंगाम संपला की मोडायची.

"मग काय नेतो?"

पोरं एकेक सांगायला लागली. तवा, परात, घागर, कोयता, ताडपत्री, पिठाची गोणी. मॅडम म्हणाल्या, "माझी आई ट्रॅक्टरमध्ये चढायच्या आधी हे सगळं मोठ्यांदा म्हणायची. एका साली बोलली न्हाई, कारण माझा भाऊ तापला हुता. त्या साली तवा घरी राहिला. हंगामभर शेजारणीच्या तव्याची वाट बघत भुका मारल्या आमी. तर बाळांनो, कोपी उचलायची न्हाई. कोपीत काय काय हुतं त्याची यादी न्यायची, आन गेल्यावर कोपी नव्यानं घालायची. कॉम्प्युटरला एक ओळ सांगितली की तो यादी आपोआप काढून देतो, आईसारखं तोंडानं म्हणायची बी गरज न्हाई."

फळीच्या अलीकडे माझी पोरं गणित सोडून ऐकत बसली होती. मीही फळ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिलो. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला, आणि तिची दयाही आली, कारण इतकं सांगूनही दुपारी फोन वाजणारच होता.

वाजलाच. यादी नेली होती पण गावात नेट नव्हतं, मॉड्यूल उतरणार कुठून? मग त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर एक फोल्डर केला आणि त्यात नेहमी लागणारी सगळी मॉड्यूलं आधीच उतरवून ठेवली. फोल्डरचं नाव ठेवलं शिधा. यादी हातात, शिधा जवळ, की नेट असो नसो, कोपी उभी राहते. पोरांना तो शिधाही पेनड्राइव्हवर भरून दिला. आता सगळं झालं होतं. तरीही फोन थांबेनात.

त्याचं कारण त्यांना एका संध्याकाळी उमगलं. त्या माझ्या समोरच्या खुर्चीत चक्क बसल्या, म्हणून मी पेपर तपासायचं थांबवलं. म्हणाल्या, "सर, चूक पोरांची न्हाई. माझी हाय. पोरगं अडलं की मी वाकते आन कीबोर्ड हातात घेते. माझा हात लई जोरात चालतो. त्यांना वाटतं हे मॅडमच्या हातात हाय, डोक्यात न्हाई. मी हाय तवर ही पोरं शिकायची न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात मागे बांधले. शब्दशः. लॅबमध्ये फिरताना दोन्ही हात पाठीमागे, एका मनगटाला दुसऱ्या हाताची पकड, त्यातच तो मोबाईल. पोरगी रडवेली होऊन म्हणायची, "मॅडम, चालंना." मॅडम तिच्या मागे उभ्या राहायच्या, पडद्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कुठल्या घरात हायेस?" एवढंच. पुढचं तिनं करायचं. त्या उभ्या राहून बघायच्या. मी एकदा लांबून पाहिलं, मागची बोटं आपोआप हलत होती, हवेत टाइप करत होती. फोनवरसुद्धा उत्तर द्यायचं बंद केलं. घेतला तर प्रश्न विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. पोरांनी त्या वर्षी त्यांना फार शिव्या घातल्या. काहींनी प्राचार्यांकडे अर्ज केला, मॅडम शिकवत नाहीत म्हणून. प्राचार्यांनी दाखवलेला तो अर्ज मॅडमनी वाचला आणि त्याच टेबलावर आपला राजीनामा ठेवला, परीक्षेच्या दिवसापासूनचा. या खेपेला "पुढल्या साली" नव्हतं.

मला त्यांनी बजावून सांगितलं, "प्रॅक्टिकलच्या दिवशी मी सकाळच्या पुणे गाडीनं निघते. मी लॅबमध्ये असले तर सगळी माझ्याच तोंडाकडं बघतील. तुमी हाय ना तिथं. फक्त फोन लावू नका मला." मी म्हटलं, "आणि अगदीच अडलं तर?" त्यांनी पदर कमरेला नीट खोचला. मग म्हणाल्या, "एक जरी पोर माझ्याबिगर उभं राहिलं न्हाई, तर एवढी वर्षं लेकरू सोडून मी इथं काय केलं, सर?"

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते, नाशिककडचे, कडक इस्त्रीचे. पोरांचे फोन बाहेर टेबलावर काढून ठेवलेले. माझा मात्र खिशात. सुरुवातीचे प्रोजेक्ट सुरळीत चालले. मग मनीषा ढाकणेचा नंबर आला. तिचे आईबाप ऊसतोडीला, आणि निकाल चांगला लागला नाही तर उन्हाळ्यात लग्न उरकायचं असं घरी ठरलेलं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. ती बसली आणि लाइट फडफडली. तिचा कॉम्प्युटर जो बंद पडला तो पडलाच. मी तिला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिनं पेनड्राइव्ह लावला, फोल्डर टाकला, घरात शिरली, कंसात नाव दिसलं. प्रोग्राम लावला.

तांबडी ओळ. या नावाचं मॉड्यूल नाही.

"सर, काल चालत हुतं," मनीषा म्हणाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. तिनं परत लावला, परत तांबडी ओळ. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "सर, मॅडमला फोन लावा ना. एकदाच."

माझा हात खिशात गेला. खोटं कशाला सांगू, मोबाईल अर्धा बाहेरही काढला. एका प्रश्नाचं तर काम होतं. मॅडम तेव्हा नगरच्या पुढे गेल्या असतील असा माझा हिशोब. पण फोन लावला की त्यांचं सगळं वर्ष पाण्यात जाणार, आणि नाही लावला तर या पोरीचं. मी तसाच उभा राहिलो, खिशात हात घालून, गाढवासारखा.

मनीषा खुर्चीवरून उठली. मला वाटलं, चालली सोडून. ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे नेले, एका मनगटाला दुसऱ्या हाताची पकड. पडद्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, काय म्हणत होती ते मला ऐकू न येताही कळलं. मग "आत्ता गं बया" असं काहीतरी पुटपुटली आणि परत बसली. आणलेलं घर तिनं सरळ पुसून टाकलं.

परीक्षक दचकले. "अहो, हे काय डिलीट करताय तुम्ही?"

"सर, कोपी उचलून आणली हुती मी. नव्यानं घालते," मनीषा म्हणाली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना खुणेनं थांबा म्हटलं. तिनं नवं घर केलं, आत शिरली, कॉम्प्युटरला पेनड्राइव्हवरची यादी दाखवली, शिध्याचा फोल्डर दाखवला. एकेक मॉड्यूल आत येऊन बसायला लागलं. तिनं प्रोग्राम लावला आणि पडद्यावर पाथर्डी-शेवगावच्या पावसाचे आलेख उभे राहिले. माझे डोळे भरून आले, आणि ते परीक्षकांना दिसू नयेत म्हणून मी पंख्याचं बटण बघायला गेलो.

बाकीची परीक्षाही पार पडली. कुणाचा फोन नाही, काही नाही. पाहुण्या परीक्षकांना जेवू घालून गाडीत बसवून देणं हे आमच्याकडे परीक्षेचंच एक अंग असतं. त्यामुळे उन्हं कलताना मी त्यांना घेऊन स्टँडवर गेलो. त्यांना नाशिकच्या गाडीत बसवलं, हात केला आणि वळलो, तर उसाच्या रसाच्या गाड्यापलीकडच्या बाकावर गर्जे मॅडम.

शेजारी दोन बॅगा, पाण्याची बाटली, आणि डाव्या हातात मोबाईल, तळहातावर उताणा ठेवलेला. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"मॅडम, सकाळची गाडी?"

"गर्दी हुती, सर."

"आणि नंतरच्या?"

"त्याला बी हुती." समोर पुण्याची गाडी लागलेली होती. निम्म्याहून जास्त रिकामी. कंडक्टर ओरडून ओरडून माणसं बोलावत होता.

त्यांनीच विचारलं, नजर मोबाईलवरून न हलवता. "फोन न्हाई आला कुणाचा. रेंज तर हाय. लॅबची लाइट गेल्ती का?"

"गेली होती थोडी. मनीषाचा कॉम्प्युटर बंद पडला."

त्या झटकन उभ्या राहिल्या. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, दुसरा कॉम्प्युटर, तांबडी ओळ, पुसून टाकलेलं घर, शिधा, आलेख. हात मागे बांधून उभी राहिली तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ मिटत चालले होते. मला वाटलं, आता हसतील. त्या परत बाकावर बसल्या.

"मला एकदा पण आठवलं न्हाई का कुणाला?"

"आठवलं की. मनीषा म्हणाली फोन लावा. मी लावणार होतो."

"आन?"

"तिनंच ती वेळ येऊ दिली नाही."

मॅडमनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिल्या. कंडक्टरनं शेवटची हाक दिली. त्या उठल्या, बॅगा मी घेतल्या, त्या पायरीवर चढल्या. खिडकीची जागा मिळाली. बॅगा आत देताना मी पाहिलं, त्यांनी पर्सची चेन उघडली, मोबाईल आत टाकला आणि चेन लावली. मग डाव्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. तो थोडा वेळ खिडकीच्या गजावर ठेवला, मग मांडीवर घेतला. गाडी मागे सरकून वळली तेव्हा तो हात उजव्या हातात धरलेला होता आणि मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या.